समासातली नोंद

पासो होन्दो, १४ जानेवारी २००४

रादामेस,

तुझं पत्र मिळालं. शेजारच्या फेफाचा भाऊ तिकडून येताना घेऊन आला. तीन दिवस त्याच्याच बॅगेत चॉकलेटांखाली पडून होतं, त्यामुळे पाकिटाला कोकोचा वास येतोय. दोन वर्षांनी पत्र, आणि त्यात माझ्या वाट्याला काय? "बरी असशील." बाकी दीड पान कागद, कागद आणि कागद. तक्रार नाहीये. फक्त मोजलं.

आधी आईंचं सांगते. तुझी आई मजेत आहे. झुलत्या खुर्चीतून उठताना गुडघ्यांना शिव्या घालते आणि डॉमिनोत हरली की पट उलटा करते. परवा फेफा म्हणाली, "एर्सिलियाताई, वय झालं, आता तरी हरायला शिका." तर म्हणतात कशा, "हरायला शिकले असते तर तुझ्या आईसारखी नसते का झाले?" फेफा दोन दिवस आली नाही. तिसऱ्या दिवशी आली, कारण कॉफी आपल्याकडेच चांगली होते.

आता तुझा कागद. मला समजलं ते असं, चुकलं तर सांग. सिटिझनशिपच्या फॉर्मला तू आपल्या घटस्फोटाचा कोर्टाचा निकाल जोडलास. '९७ मध्ये ग्रीन कार्डाच्या वेळी तोच चालला होता, कुणी काही विचारलं नाही. या वेळी समोर बसलेली बाई हुशार निघाली. म्हणाली, तुमच्या देशात नुसत्या निकालानं भागत नाही. तो नंतर नोंदणी कचेरीत जाऊन जाहीर करावा लागतो, तिथल्या वहीत चढवावा लागतो, तेव्हा कुठे घटस्फोट होतो. तो दाखला कुठाय? चोवीस मार्चच्या आत आणा.

आणि तो नसेल तर, तू लिहिलंयस, मिग्दालियाशी तुझं लग्न झालं तेव्हा तुझं आधीचं लग्न चालूच होतं असं धरतील. म्हणजे ते लग्न लग्नच नाही. आणि तिचा नवरा म्हणून मिळालेलं कार्डही तुझं नाही. तिकडचं लॉरेन्स गावातलं घर, नोकरी, तुझी लेक, सगळं एका दाखल्यावर अडलंय.

वाचून मला घाम फुटला. पण घाबरू नकोस. दाखला असणारच. बानीच्या नोंदणी कचेरीतला माणूस सुट्टीवर आहे. आला की जाते आणि घेऊन पाठवते.

स्वेटर घालत जा. तुझ्या पत्रातल्या अक्षरालासुद्धा थंडी वाजतेय.

तुझी,
कासिल्दा


पासो होन्दो, १६ फेब्रुवारी

रादामेस,

तू फोनवर ओरडलास म्हणून मी ठेवला नाही. खरंच लाईट गेली होती. म्हणजे गेली होती थोड्या वेळानं.

टेलिफोनच्या दुकानात कसं बोलायचं रे? काचेचा डबा, बाहेर नऊ माणसं, आणि नऊच्या नऊ जणांना माझ्या नवऱ्याच्या तब्येतीची काळजी. तू तिकडून "कासिल्दा, खरं सांग" म्हणालास ते दुकानदारानंसुद्धा ऐकलं. मी बाहेर आले तर तो म्हणतो, "मग, सांगितलं का खरं?" मी म्हटलं, "तुमचं बिल खरं आहे का ते आधी बघा."

कचेरीत जाऊन आले. '९८ च्या वादळात तिथे गुडघाभर पाणी शिरलं होतं. वह्या भिजल्या, पानं एकमेकांना चिकटली. '९६ ची वही सापडत नाहीये. माणूस म्हणाला, शोधतो. म्हणजे दाखला नाही असं नाही, वही नाहीये. दोन्हींत फरक आहे, तुझ्या त्या हुशार बाईला समजावून सांग.

तू विचारलंस, "तू स्वतः गेली होतीस ना तेव्हा? दोन महिन्यांच्या आत?" गेले होते. निळा स्कर्ट घालून गेले होते. आई साक्षीला आहेत.

मिग्दालिया रडते, असं म्हणालास. तिला सांग, रडू नकोस.

मी हे का लिहिलं माहीत नाही. खोडत नाही, पान वाया जाईल.

कासिल्दा


पासो होन्दो, ७ मार्च

रादामेस,

आज आपल्याकडे गोड राजमा केलाय. ईस्टरच्या आधीचे दिवस, घराघरात पातेली चढलीयेत, या घरातून त्या घरात वाट्या फिरतायत. आईंनी तुझ्या नावाची वाटी भरून ठेवलीये, दरवर्षी ठेवतात तशी. संध्याकाळी ती मीच खाते. दहा वर्षं तुझ्या वाटणीचा राजमा खाऊन मी जाड झालेय, हेही आज सांगूनच टाकते.

वही भिजलेली नाही. वादळात बाजूचं पोस्ट भिजलं. '९६ ची वही कोरडी ठणठणीत आहे, आणि आपला घटस्फोट तिच्यात नाही.

मी चढवलाच नाही.

हे वाक्य लिहायला मला तीन पत्रं लागली.

तुला आठवत असेल ना, आपल्या गल्लीत तेव्हा काय चालायचं. सात बायकांचे कागदावर घटस्फोट झाले होते. नवरा तिकडे, तिकडच्या कुठल्यातरी बाईशी कागदापुरतं लग्न, दोन-तीन वर्षांत कार्ड, मग तिला सोडायचं, इकडे येऊन आपल्याच बायकोशी परत लग्न करायचं आणि तिला घेऊन जायचं. कोर्टातून बाई घरी आली की शेजारणी कॉफी घेऊन यायच्या आणि म्हणायच्या, "झालीस का मोकळी? कुणाला उधार दिलास नवरा?" आणि सगळ्या हसायच्या. अंगठी कुणी काढायचं नाही. '९५ च्या नोव्हेंबरात तू फोन केलास, "कासिल्दा, एक बाई मिळालीये, कागदापुरतं, दोन वर्षं फक्त," तेव्हा मी पण हसले. मी म्हटलं, "दिसायला कशी आहे?" तू म्हणालास, "मी बघितलं पण नाही नीट."

म्हणून कोर्टात मी छान होते. न्यायाधीशानं विचारलं, पटत नाही का तुमचं? मी म्हटलं, अजिबात पटत नाही साहेब, घोरतो. लोक हसले. निकाल मिळाला, तुला पाठवला. वकील म्हणाला, आता दोन महिन्यांच्या आत नोंदणी कचेरीत जाऊन हे जाहीर करून घ्या, नाहीतर निकाल रद्दी. सगळ्या बायका म्हणाल्या, ते काय, नुसता शिक्का असतो.

गेले. निळा स्कर्ट खरा आहे. कचेरीत एक जाडा माणूस हातपंख्यानं वारा घेत बसला होता. निकाल वाचला, म्हणाला, "लग्न कुठं लागलं होतं?" मी म्हटलं, "इथंच, '९२ मध्ये." मग तो उठला आणि कपाटातून आपल्या लग्नाची वही काढली. मला माहीतच नव्हतं की ती काढतात. मला वाटलं होतं नवी वही, नवं पान, शिक्का, संपलं. तो म्हणाला, "बाई, घटस्फोट लग्नाच्या पानावर पण लिहावा लागतो. समासात."

आणि त्यानं पान उघडलं.

तुझी सही होती रे. तू डावखुरा, शाईवरून हात फिरवलेला, त्यामुळे "रादामेस" च्या मागे एक निळी शेपूट. त्याच्याखाली माझी सही. आणि बाजूला समास, दोन बोटं रुंद, पांढरास्वच्छ. त्या माणसानं पेनचं टोपण काढलं.

मी म्हटलं, "थांबा, माझं ओळखपत्र घरी राहिलं."

ते माझ्या ब्लाउजमध्ये होतं. टोचत होतं.

तो म्हणाला, "मग उद्या या." मी बाहेर आले, पायरीवर बसून दोन मटणाच्या करंज्या खाल्ल्या आणि घरी आले. उद्या म्हटलं, मग सोमवार म्हटलं, मग अमक्याचा वाढदिवस. मे महिन्यात तुझा फोन आला की लग्न झालं, सगळं व्यवस्थित. मी म्हटलं, इकडंपण सगळं व्यवस्थित. तोवर दोन महिने उलटून गेले होते.

मला वाटलं, काय बिघडतंय? दोन वर्षांत तू येणारच. परत लग्न करायचंच आहे, मग मोडायचं कशाला? उलट त्रास वाचला. मी स्वतःला हुशार समजत होते, रादामेस. तुला सरप्राइज देणार होते. तू लग्नाचा सूट घालून येशील आणि मी म्हणेन, सूट काढ, आपलं झालेलंच आहे.

चोवीस मार्चला दोन आठवडे राहिलेत. त्यांना काय सांगायचं ते तू ठरव. मी तुझं घर मोडलं. माझं सांभाळायच्या नादात मोडलं, हे ऐकून तुला बरं वाटणार नाही, मला पण वाटत नाहीये.

राजमा आज मी खाल्ला नाही. तुझी वाटी तशीच आहे.

कासिल्दा


पासो होन्दो, २५ एप्रिल

रादामेस,

वकिलांचं पाकीट आलं. एवढं जाड की पोस्टमन म्हणाला, "वारसाहक्क मिळाला काय?"

तुझी चिठ्ठी आधी वाचली. तू शिवी घातली नाहीस. मला वाटलं होतं घालशील, मी तयारी करून बसले होते. सिटिझनशिपचा अर्ज मागे घेतलास, वेळेत घेतलास, चांगलं केलंस. आणि रस्ता आहे म्हणतोस. आता खरा घटस्फोट करायचा, वहीत चढवायचा. मग तू मिग्दालियाशी पुन्हा लग्न करायचं, या वेळी कायद्यानं. मग ती तुला पुन्हा मागवणार, पहिल्यापासून सगळे फॉर्म. फक्त ऑफिसला पटलं पाहिजे की आधीची चूक ही चूकच होती, लबाडी नव्हती. तुमचं लग्न पहिल्या दिवसापासून मनापासूनचं होतं, कार्डासाठी नव्हतं. तेवढं पटलं तर तू राहशील. नाही पटलं तर तुला कायमचं बाहेर काढतील, आणि मग कुणीही मागवलं तरी परत घेणार नाहीत.

आणि ते पटवून देणारी मी. गंमत आहे.

मग स्टेटमेंट वाचलं. स्पॅनिशमध्ये टाइप केलेलं, नोटरीसमोर सही करायची. "मला १९९४ च्या उन्हाळ्यापासून माहीत होतं की माझे पती रादामेस पिमेंतेल यांचं मिग्दालिया यांच्यावर प्रेम आहे व ते एकत्र राहतात. या कारणानेच मी घटस्फोट मागितला. कागदपत्रांसाठी लग्न करण्याबद्दल आमच्यात कधीही बोलणं झालं नाही."

मी मोठ्यानं हसले. आईंना वाचून दाखवलं. मी म्हटलं, "आई, बघा, वकील असावा तर असा. काय खोटं लिहिलंय! चौऱ्याण्णवचा उन्हाळा म्हणे! चौऱ्याण्णवच्या उन्हाळ्यात हा बँडबरोबर ढोलकं वाजवत फिरत होता, आणि दर रविवारी मला फोन करून रडत होता."

आई हसल्या नाहीत. खुर्ची झुलायची थांबली.

मी म्हटलं, करते सही. मी घोळ घातला, मी निस्तरते. खोटी शपथ घेतली तर घेतली, फादरसमोर कबूल करीन. पेन पण घेतलं. मग पाकिटात खाली फोटो निघाले. आठ. वकिलांच्या चिठ्ठीत लिहिलं होतं, प्रत्येक फोटोच्या मागे लिहा, "या माणसाला मी ओळखते," आणि सही करा.

पहिल्यात तू आणि ती, लेकीचं बारसं. ते माहीत होतं. '९८ मध्ये ती जन्मली तेव्हा तूच म्हणाला होतास, ऑफिसला पुरावा लागतो गं, मूल असलं की केस पक्की होते. आणि मी ते शेजारच्या बायकांना सांगितलं, रादामेस. मी फेफाला सांगितलं, "केससाठी मूल झालंय." फेफा माझ्याकडे बघत राहिली आणि म्हणाली, "कॉफी दे."

दुसरा बर्फातला. तिसरा चर्चबाहेरचा. चौथा, पाचवा, असेच.

आठवा स्वयंपाकघरातला. ती पातेल्यात डाव फिरवतेय आणि तू मागून, हनुवटी तिच्या खांद्यावर. तिच्या अंगात फक्त एक शर्ट. पिवळा, पुरुषाचा. खिसा उजवीकडे.

खिसा उजवीकडे कोण शिवतं? जगात सगळ्या शर्टांना खिसा डावीकडे असतो. मी तुझ्यासाठी उजवीकडे शिवायची, तू डावखुरा म्हणून. पिवळा मी एकच शिवला, '९४ च्या जूनमध्ये, फेफाच्या भावाबरोबर पाठवला. तू फोनवर म्हणालास, "इतका आवडला की अंगातून काढतच नाहीये."

फोटोच्या कोपऱ्यात नारिंगी आकडे आहेत, त्या कॅमेऱ्यांत यायचे तसे. २१ ऑगस्ट १९९४.

आणि मला तू '९५ च्या नोव्हेंबरात सांगितलंस की एक बाई मिळालीये. बघितलं पण नाही नीट.

म्हणजे वकिलानं तुम्हा दोघांबद्दल खोटं काही लिहिलंच नाहीये. स्टेटमेंट खरं आहे. फक्त माझ्याबद्दलचं, "मला माहीत होतं" वगैरे, तेवढं सोडून.

मी तुझ्यासाठी खोटी सही करायला तयार होते रे. आनंदानं केली असती. तू मला खरी करायला लावतोयस.

पुढचं उद्या लिहिते. आई हाक मारतायत.


२६ एप्रिल

आईंना माहीत होतं.

काल जाऊन त्यांच्या पायाशी बसले, फोटो मांडीवर ठेवला. त्यांनी चष्मा लावला नाही. म्हणाल्या, "'९४ च्या नाताळात त्यानं मला फोनवर सांगितलं. मी म्हटलं, तूच सांग तिला. तो म्हणाला, कागदापुरतं म्हणून सांगतो, म्हणजे तिला लागणार नाही. हळूहळू समजेल."

मी म्हटलं, "आणि तुम्ही गप्प बसलात? दहा वर्षं?"

"तू निघून गेली असतीस."

"गेले असते."

"मग माझ्याजवळ कोण राहिलं असतं?" हे त्या रडत म्हणाल्या नाहीत. नेहमीच्याच आवाजात म्हणाल्या, मीठ कुठे आहे असं विचारावं तशा. मग म्हणाल्या, "तू करंज्या खाऊन आलीस ना त्या दिवशी? मला तेव्हाच कळलं, हिनं काही केलेलं नाही. ब्लाउजवर चरबीचा डाग होता आणि चेहरा खूश. घटस्फोट घेऊन आलेली बाई अशी दिसत नाही, पोरी. मी म्हटलं, बरं झालं. राहील."

म्हणजे आम्ही दोघी एकाच घरात, एकाच छपराखाली, तुझा कागद लपवून बसलो होतो. मी तू यावास म्हणून. त्या मी जाऊ नये म्हणून.

मी उठले आणि त्यांच्या जेवणाचं बघितलं. भाताची खरवड त्यांना लागते ना, ती काढून दिली. मला दुसरं काही सुचलं नाही.


९ मे

मागचं पत्र तुला मिळालं, कळलं. फोन करू नकोस. दुकानदार निरोप देतो, मी येणार नाही.

तू निरोपात म्हणालास, "मला वाटलं तुला तेव्हाच समजलं होतं, समजून उमजून गप्प होतीस." सगळ्यांना तसं वाटलं होतं म्हणे. फेफाला पण. मी कालच विचारलं तिला. ती म्हणाली, "अगं, सातातल्या सहा जणींना आपापलं तेव्हाच समजलं होतं, नवरा परत यायचा नाही म्हणून."

कोर्टात अर्ज टाकलाय. त्याच कोर्टात. न्यायाधीश बदललाय. पटत नाही का, म्हणून या पण साहेबानं विचारलं. मी म्हटलं, नाही.

स्टेटमेंटवर अजून सही केलेली नाही. तुला वाटत असेल मी सूड घेतेय. मलाही काही दिवस तसं वाटत होतं. सही न करणं किती सोपं आहे बघ, मी नुसतं बसून राहिले की झालं. बसून राहण्यात माझा हात धरणारं कुणी नाही. तुझं कार्ड जाईल, तुला विमानात बसवतील, तू याच दारात उतरशील, कायद्यानं माझा नवरा. तुझी आई तुझी वाटी काढेल. मी दोन रात्री ते डोळ्यांसमोर आणून बघितलं. तू झुलत्या खुर्चीत बसलायस आणि दाराबाहेर बघतोयस. माझ्याकडे नाही. दाराबाहेर.

तेवढ्यावर थांबले.

क.


पासो होन्दो, ११ ऑगस्ट २००४

रादामेस,

सोबत सगळं आहे. आधी बघून घे, मग वाच. निकाल, त्यावर कोर्टाचे शिक्के. नोंदणी कचेरीचा दाखला, आजच्या तारखेचा. घटस्फोटाची जाहिरात पेपरात आठवडाभरात छापून येईल, तिचं कात्रण फेफाचा भाऊ आणेल. स्टेटमेंट, नोटरीच्या सहीसकट. फोटो आठ.

आज आईंना घेऊन गेले. त्या म्हणाल्या, मी येणार. मी म्हटलं, गुडघे? म्हणाल्या, "गुडघ्यांना काय समजतं?" बसमध्ये दोघी मिठागरांच्या बाजूला बसलो. सगळं पांढरं, डोळे दिपतात. त्या म्हणाल्या, "तू जाशील आता." मी म्हटलं, "कुठे जाऊ?" त्या म्हणाल्या, "कुठेही." मी म्हटलं, "शाळेचे चाळीस गणवेश शिवायचे आहेत सप्टेंबरच्या आत, ते झाले की बघू." त्यांनी माझा हात धरला आणि बानी येईपर्यंत सोडला नाही. घामानं चिकटला होता.

कचेरीत तोच जाडा माणूस. केस गेलेत, पंखा तोच. मला ओळखलं नाही. निकाल वाचला, उठला, '९२ ची वही काढली. या वेळी मी खुर्चीचा हात धरून ठेवला होता.

पान पिवळं पडलंय. तुझ्या नावामागची शेपूट आहे अजून. त्यानं पेनचं टोपण काढलं आणि माझ्याकडे बघितलं. म्हणाला, "ओळखपत्र?"

मी दिलं.

त्यानं समासात लिहायला सुरुवात केली. जागा कमी, अक्षरं बारीक करत करत खाली गेला. आई म्हणाल्या, "नीट लिहा हो, पुन्हा यायला लावू नका आम्हाला." तो म्हणाला, "आजी, लोक लग्नाच्या वेळी एवढी घाई करत नाहीत."

मग त्यानं आम्हाला उभं केलं आणि मोठ्यानं वाचून दाखवलं, कायद्यात आहे म्हणे तसं. पती-पत्नी विभक्त. मग माझ्याकडे वळून, रोज सांगत असावा तशा आवाजात, "बाई, आजपासून दहा महिने तुम्हाला दुसरं लग्न करता येणार नाही."

आई म्हणाल्या, "का?"

"मूल-बिल असेल पोटात तर बापाचा घोळ नको म्हणून."

आईंनी माझ्याकडे वरपासून खालपर्यंत बघितलं आणि म्हणाल्या, "साहेब, हिचा नवरा दहा वर्षं बोस्टनकडे आहे. मूल असलं तर चर्चमध्ये मेणबत्त्या लावाव्या लागतील." तो हसला. मी पण हसले. खरंच हसले.

मी विचारलं, "आणि तो? त्याला किती महिने?"

"पुरुषाला काही नाही. आज दुपारी पण करू शकतो."

मग पंख्यानं वारा घेत म्हणाला, "तुम्हालाही एक सूट आहे. याच माणसाशी परत करायचं असेल तर थांबायची गरज नाही. दहा महिने फक्त दुसऱ्यांसाठी."

आईंनी खाली बघितलं. मी म्हटलं, "बरं."

बाहेर आलो. पायऱ्यांवर करंज्यांवाला अजून बसतो, त्याचा मुलगा असेल. आई म्हणाल्या, "खा." मी एक घेतली आणि त्यांना दिली.

घरी येऊन फोटो घेऊन बसले. सात पटापट झाले. "या माणसाला मी ओळखते," सही. "या माणसाला मी ओळखते," सही. आठवा ठेवून घ्यावा असं वाटलं. वकिलाला कळवलं असतं, पोस्टात हरवला. पण तुम्ही '९४ पासून एकत्र आहात, कार्डाचा विषय निघायच्या कितीतरी आधीपासून, हे त्या ऑफिसला दाखवणारा तोच एक आहे. बाकी सगळे नंतरचे. तो नसेल तर तुमच्याकडे सुरुवातच नाही.

म्हणून पाठवते. त्याच्या मागे काय लिहावं याचा बराच विचार केला. दुसरं काही लिहिलं तर चालेल का, असं वकिलाला विचारणार होते. मग तेच लिहिलं, शब्द न शब्द तोच. फक्त सही करताना हात नेहमीसारखा नावापुढे नवऱ्याचं "पिमेंतेलची" लिहायला निघाला, ते खोडावं लागलं. मागच्या बाजूला एक डाग दिसेल, तो त्याचा आहे. वकिलानं विचारलं तर सांग.

लग्न लवकर करा. उशीर करू नका, कागद जुने होतात.

तुझी वाटी मी फेफाला दिली.

अकरा जूनपर्यंत मला जगात एकाच माणसाशी लग्न करता येतं. तू येऊ नकोस.

कासिल्दा लारा